नर बाहेर काढायचा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. ऊन. सकाळी नळाला पाणी बारीक. भावजींची थोरली मादी व्याली. निम्मी पिल्लं तिनेच खाल्ली. दुपारी ठकी आली. तिचा पुढचा एक दात इतरांपेक्षा पांढरा दिसला. दूध नासलं, ओतून दिलं.

रोजची नोंद अशी लिहायची सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली. आधी तारीख, मग हवा, मग घडलं ते. आणि आपल्याला काय वाटलं ते अगदी शेवटी, जागा उरलीच तर. माझ्या नोंदीत ती सहसा उरत नाही. पण त्या मंगळवारी जे सुरू झालं ते चार ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे गेल्यापासून माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहतात. सत्तरी उलटली आहे, पण दारातून आत येताना अजून दार भरून जातं. जन्मभर त्यांनी कत्तलखान्यात काम केलं. सुरी चालवण्याआधी जनावराच्या कपाळावर घण घालून त्याला खाली पाडायचं, हे त्यांचं काम. तिथे त्यांना सगळे घणवालाच म्हणत. दोन डोळ्यांच्या जरा वर एक जागा असते, तिथे घाव बसला की जनावर आवाज न करता गुडघ्यांवर येतं, असं ते सांगतात. "दुसरा घाव घालावा लागला तर तो घालणाऱ्याचा गुन्हा, वहिनी," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते बोलताना चहाच्या कपावरची त्यांची बोटं पाहिली की मला चहा नकोसा होई.

घरी मात्र त्यांनी घाव मोजले नाहीत. तेव्हा ते आणि माझी धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहत, मधे एक भिंत. त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. ताटली फुटल्याचं, खुर्ची पडल्याचं, मग काहीतरी मऊ भिंतीवर आपटल्याचं. थोड्या वेळाने जाऊ लेकीला घेऊन आमच्याकडे यायची. छोटी ठकी कुणाशी न बोलता माझ्या खोलीतल्या कपड्यांच्या टोपलीत शिरायची आणि वरून झाकण ओढून घ्यायची. सकाळी भावजी अंघोळ करून, भांग पाडून दारात उभे. "चल," एवढंच म्हणायचे. जाऊ चहा संपवायची आणि जायची. एकदा तर तिने कप विसळून पालथा घातला, मग गेली. पुढे ती तापाने गेली. त्यानंतर भावजींनी कुणावर हात टाकल्याचं मी पाहिलं नाही. पण त्यानंतर घरात होतंच कोण हात टाकायला? ठकीने नोकरी धरली आणि वेगळी राहायला गेली.

मासे कत्तलखान्यातूनच आले. तिथे धुण्याच्या पाण्याचा मोठा हौद होता. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, घड्याळ दिलं. भावजींनी ते घड्याळ तिथल्याच कुणाला देऊन टाकलं आणि जेवणाच्या डब्यात चार मासे घालून घरी आणले.

"हे काय?" मी विचारलं.

"माझ्याबरोबरचे. तिथून जिवंत बाहेर पडलेले एवढेच."

मग काचेची टाकी आली, हवेचा पंप आला. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. पिल्लू बाहेर पडतं ते गुंडाळलेलं, पापणीच्या केसाएवढं. तळाला जातं, उलगडतं आणि पोहायला लागतं. तेवढ्यात आई वळते आणि त्याला गिळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळलेच. रात्रीच्या जेवणाला मला अंडं नको झालं.

पहिल्या वर्षी भावजींनी सगळ्या चुका केल्या. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी जाळीचा छोटा पिंजरा आणला आणि पोट फुगलेली मादी ऐनवेळी उचलून त्यात घातली. तिने धडका मारमारून तोंड फोडून घेतलं. मेलेली पिल्लं टाकली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उलटी तरंगली. पुढच्या खेपेला मादी वाचली, पिल्लंही झाली, पण बाहेरच्या नरांनी जाळीच्या भोकांतून त्यांची डोकी ओढून ओढून तोडली. आत नुसत्या शेपट्या उरल्या. भावजी स्टुलावर बसून बराच वेळ त्या शेपट्यांकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी आपली पद्धत ठरवली. मादीला अजिबात हलवायचं नाही. तिचं पाणी, तिचं शेवाळ, तिचा कोपरा तिला राहू द्यायचा. पाठीशी लागणारे नर जाळ्याने बाहेर काढून बादलीत टाकायचे. पिल्लं झाली की चमच्याने उचलून बरणीत घ्यायची, कारण तिच्याही तोंडाचा भरवसा नाही.

त्या मंगळवारी दुपारी ते असेच चमचा घेऊन टाकीशी बसले होते, तेव्हा ठकी आली. तोंडावर रुमाल धरलेला.

"काय चाललंय बाबा?"

"थोरली व्यालीय. खातेय बघ कशी, हावरट. मी आयुष्यभर मारत आलो, पण पोटचं नाही खाल्लं."

"खाल्लं नाही, एवढंच," ठकी म्हणाली आणि हसली.

हसल्यावर रुमाल सरकला. भावजींनी चमचा खाली ठेवला.

"तोंड उघड."

"काही नाही झालेलं."

"उघड म्हणतो ना."

त्यांनी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलला. जनावराचं वय बघतात तसं. ठकीने डोळे मिटून घेतले.

"हा तुझा नाही."

"माझाच आहे. मी केलाय." ठकी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते; तोंडाच्या साच्यावरून दात घडवणं हेच तिचं काम. "घाईत केला, रंग जरा चुकला. परवा दुसरा करते."

"आधीचा कुठे गेला?"

"बेसिनमध्ये."

"आणि बेसिनवर तोंड कुणी आपटलं तुझं?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नात माझ्या पाया पडताना त्याने माझी चप्पल सरळ करून ठेवली होती. अशा माणसांची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती, असं आता वाटतं.

"ठकी, तू आता इथेच राहा," मी म्हटलं. "मागची खोली तुला. भावजी बाहेर कोचावर झोपतील."

"नाही," भावजी म्हणाले. "हिला इथे आणायचं नाही."

ठकीचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. "बघितलंत काकू? आईला न्यायला दारात उभे राहायचे. आता जावयाच्या वतीने उभे राहिले." तिने पर्स उचलली. "काळजी नको बाबा. मी जाणारच होते परत. माझं सगळं सामान तिकडेच आहे."

"घर कुणाच्या नावावर आहे?" भावजींनी विचारलं.

"माझ्या. कारखान्याच्या मालकांनी बघून दिलं होतं, लग्नाच्या आधी. का?"

"मग तू कशाला हलतेस? मादी हलवायची नाही. नर बाहेर काढायचा."

ठकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मलाही क्षणभर कळलं नाही की हे टाकीबद्दल बोलतायत की घराबद्दल.

"पोलिसांत सांगू या," मी म्हटलं.

"नको काकू. दात कसा गेला ते लिहून द्यावं लागेल. कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय मी, घसरून पडले म्हणून."

"भावजी, पण हात नाही उचलायचा हं."

"उचलल्याशिवाय तो बाहेर कसा येईल वहिनी? जाळं घेऊन जाऊ?"

ती रात्र ठकी माझ्याजवळ झोपली. बुधवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. मी गेले कारण या दोघांवर माझा विश्वास नव्हता. लिफ्टवाल्याने बनियनवर दार उघडलं.

"या सासरेबुवा! वरात घेऊन आलात?"

"तुझे कपडे कुठले ते सांग," भावजी म्हणाले. "ठकी भरून देईल. तू निघ."

तो आधी हसला. मग आमची तोंडं पाहून त्याला कळलं. दारामागच्या पिशवीतून त्याने हातभर लांब पाना काढला आणि काही न बोलता भावजींच्या डाव्या खांद्यावर घातला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ठकी मधे पडली, तर तिला त्याने कोपराने कपाटावर भिरकावलं. कपाटाच्या आरशाचे तुकडे तिच्या केसांत अडकले. त्याने दुसऱ्यांदा पाना उगारला, पण भावजींनी उजव्या हाताने त्याचं मनगट धरून पिळलं. पाना त्यांच्या हातात आला. लोंबणाऱ्या डाव्या हाताकडे दुर्लक्ष करून त्यांनी त्याला भिंतीला रेटलं, गुडघ्याने दाबून धरलं. मग मी पाहिलं की ते त्याच्या डोळ्यांत बघत नव्हते. जरा वर बघत होते. त्या जागेकडे. पाना उचलला गेला.

"भावजी!" मी ओरडले. "तुम्ही तुरुंगात गेलात तर हिला कोण आहे?"

पाना मोरीत जाऊन पडला. भावजींनी त्याच्या कमरेचा पट्टा धरला आणि त्याला फरशीवरून दाराकडे ओढत नेलं. तो लाथा झाडत होता, घाणेरडं बोलत होता, माझ्या वयाचाही मुलाहिजा न ठेवता. बाहेर गेल्यावर त्याने दाराची चौकट पकडून ठेवली. भावजी एका हाताने ती बोटं सोडवू शकेनात. तेव्हा ठकी पुढे आली आणि तिने दार लोटलं. आपटलं नाही, लोटत राहिली, दार आणि चौकट यांच्यामधे बोटं असताना, अंगाचा सगळा भार टाकून. बाहेर तो किंचाळत होता. बोटं सुटली आणि दार लागलं.

"कुलूप बदलायला कुणीतरी बघ," भावजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. घामाने डबडबले होते.

दुपारी कुलूप बदललं. भावजींचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून आम्ही त्यांना घरी आणलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पिल्लांना कुणी खायला घातलं का?" कुणी घातलं नव्हतं. पाण्याची बादलीही भरून ठेवायला सांगितली. नळाच्या पाण्यात औषध असतं; ते रात्रभर उघडं राहून उडून जावं लागतं, मग ते बरणीत घालायचं.

गुरुवारी सकाळी ठकी कामावर जायच्या आधी वडिलांचा हात बांधून द्यायला आली. भावजी मागच्या खोलीत, मांडीत बरणी घेऊन बसले होते. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून तो पाण्यात जरासा पिळायचा, पाणी धुरकट होईल इतकाच. जास्त झाला तर पाणी सडतं. एका हाताने ते जमत नव्हतं आणि ठकीला तर ते करूच देत नव्हते. ठकी बादली आणायला मोरीत गेली. दाराची घंटा वाजली. मला वाटलं दूधवाला. साखळी न लावता मी दार उघडलं.

लिफ्टवाल्याच्या एका हाताला भलंमोठं बँडेज होतं, दुसऱ्यात लोखंडी गज. त्याने मला ढकललं, मी चपलांच्या स्टँडवर जाऊन पडले. मनगट मुरगळलं. तो सरळ मागच्या खोलीत गेला, आणि मी उठेपर्यंत टाकी फुटल्याचा आवाज आला.

काचेच्या टाकीतलं पाणी एकदम बाहेर येतं तेव्हा कुणीतरी खोलीत हौद ओतल्यासारखं होतं. शेवाळ, वाळू, काच, आणि त्यात उड्या मारणारे मासे. त्याने ते टाचेने चिरडायला सुरुवात केली, नाचल्यासारखं. "हे तुझे जावई का म्हाताऱ्या? हे?" मग भावजींच्या मांडीतली बरणी त्याला दिसली. गज उगारला गेला तसे भावजी बरणीवर पालथे झाले. पहिला फटका पाठीत. दुसराही पाठीत. ज्या माणसाने भर ताकदीच्या बैलाला गुडघ्यांवर आणलं, तो हूं की चूं न करता बरणी पोटाशी धरून मार खात होता. तिसऱ्या फटक्याला त्यांच्या तोंडातून वारा बाहेर पडल्यासारखा आवाज आला.

ठकी मोरीतून आली. हातात भरलेली लोखंडी बादली. तिने ती पाण्यासकट फिरवून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो काचांमधे पडला. बादली रिकामी झाली होती. आता ती हलकी होती. ठकीने ती तोंडावर घातली. पुन्हा घातली. काठ ओठांवर लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"ठकी, बास!" भावजी ओरडले. "बास आता. पडलाय तो."

"तुम्ही थांबायचात?" ठकीने विचारलं. वळून बघितलंसुद्धा नाही. आणि तिने आणखी एकदा बादली घातली. मग खाली ठेवली, कडी व्यवस्थित आडवी करून.

शेजाऱ्यांनीच पोलिसांना बोलावलं होतं. दोन पोलीस आणि एक पोलीस बाई आल्या. तोपर्यंत लिफ्टवाला भिंतीला टेकून बसला होता, तोंड रक्ताने भरलेलं. काय बोलत होता ते कुणालाच कळत नव्हतं. पोलीस बाई आत पाऊल टाकणार एवढ्यात भावजी खेकसले, "थांबा! पाय बघा कुठे ठेवताय!"

"कुणाला सांगताय आजोबा?"

"तुम्हाला. पायाखाली जिवंत आहे."

एक नर होता, लाल शेपटीचा, ओल्या फडक्यावर तोंड उघडझाप करत. पोलीस बाईंनी तो कागदावर उचलला. "कशात टाकू?"

"वेगळ्यात," भावजी आणि ठकी एकदमच म्हणाले. मी चहाचा ग्लास पुढे केला.

थोरली काचेखाली सापडली. मधोमध कापली गेली होती. बरणीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि ती गळत होती; भावजींनी तळव्याने तडा दाबून धरला होता. स्वयंपाकघरातलं दुधाचं मोठं पातेलं मी धुऊन आणलं आणि बरणीत उरलेल्या पाण्यासकट पिल्लं त्यात ओतली. ती डोळ्यांनी मोजता येण्यासारखी नव्हती, पण हलत होती.

पोलीस बाई जबाब घ्यायला बसल्या. फरशीवर एक दात पडला होता. तो त्यांनी रुमालात उचलला.

"हा कुणाचा?"

"त्याचा," ठकी म्हणाली. "खालचा सुळा, उजवीकडचा. कीड लागलेलीच होती." मग तिने स्वतःच्या तोंडात दोन बोटं घातली, पुढचा पांढरा दात काढला आणि टेबलावर त्याच्या शेजारी ठेवला. "हा माझा. खरा नाही. खरा याने बेसिनवर आपटून पाडला. सोमवारी. हेही लिहून घ्या. गळा धरला होता, तेही लिहा. आणि त्या आधीचं सगळं सांगते, ते पण."

दात काढल्यामुळे तिच्या बोलण्यात फट पडत होती, शब्दांतून वारा जात होता. तरी ती बोलत राहिली. ओठ झाकला नाही. मधेच थांबून तिने वडिलांकडे बघितलं.

"हे माझ्या आईला मारायचे. ते पण लिहून घ्यायचं का?"

पोलीस बाईंनी पेन थांबवलं. भावजी पातेल्याशी बसले होते, पाठीवर शर्ट चिकटलेला.

"लिहा," भावजी म्हणाले.

"कुठे असतात त्या?"

"वारली."

"मग नाही होत," पोलीस बाई म्हणाल्या. "तक्रार करणारं लागतं."

"हो," ठकी म्हणाली. "म्हणून तर मी करतेय." आणि पुढे सांगायला लागली.

लिफ्टवाल्याला ते घेऊन गेले. ठकीलाही बादलीबद्दल बोलावणं येईल, असं पोलीस बाईंनी जाताना सांगितलं. पण घरात घुसून म्हाताऱ्याला मारत होता तो, हेही त्यांनी लिहिलं होतं. संध्याकाळी इस्पितळातून सांगितलं, भावजींच्या दोन बरगड्या गेल्या आहेत, एक रात्र ठेवून घेतो. ठकी त्यांच्या खाटेशी उभी होती.

"थोडी पिल्लं घेऊन जा तिकडे," भावजी म्हणाले. "पातेल्यात फार दिवस नाही जगणार. टाकी मी बघतो."

"नको मला मासे."

"बरं."

"आणि बाबा, दारात येऊन उभं राहू नका. यायचं असेल तर आधी फोन करा."

"बरं."

ती तिच्या घरी गेली. नव्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे देऊन गेली, त्यांच्याकडे नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. ऊन. भावजी इस्पितळात. माझं मनगट सुजलं आहे. मोठ्या पातेल्यात पिल्लं आहेत, म्हणून दूध लहान पातेल्यात दोन वेळा करून तापवलं.